मंडळीची पांढरी जाळी

काळेवाडीत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्न असलं की सकाळपासून उपमा, चहा आणि खुर्च्यांवरून भांडणं. त्या शनिवारीही तेच चाललं होतं. नवरी साधना, चाकणला कंपनीत कामाला. नवरा प्रीतम, आकुर्डीचा, मंडळीचे पंच रंगराव यांचा मुलगा. उपासनेत गिटार वाजवायचा.

आता आमची रीत ऐका. नवरीच्या डोक्यावरची पांढरी जाळी मंडळीची, एकच, पेटीत जपलेली. लग्नाआधी महिला मंडळाच्या अध्यक्षबाई मागच्या खोलीत, बायकांसमोर, नवरीला विचारतात, "देह शुद्ध राखलास?" हो म्हणाली तर जाळी. नाही म्हणाली तर रंगीत साडीत, उघड्या डोक्यानं वेदीसमोर. नवऱ्याला कुणी काही विचारत नाही. पवित्र शास्त्र संयम दोघांनाही सांगतं, बरं का! लग्नाआधीही आणि नंतरही. पण आमच्या पंचांना त्यातलं अर्धंच पाठ आहे.

अध्यक्ष होत्या कौशल्याबाई, साधनाची सख्खी आई. मागे सुमनताईला त्यांनीच पिवळ्या साडीत उभं केलं होतं. तिची पोरं शाळेत जायला लागली, तरी बायका तिला तोंडावर 'पिवळी' म्हणतात.

कौशल्याबाईंनी लेकीला विचारलं. नाताळच्या सुट्टीत एकदा त्या लवकर घरी आल्या, तेव्हा प्रीतमला तिच्या खोलीतून निघताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. निऱ्या सारख्या करायच्या निमित्तानं त्या वाकल्या आणि कुजबुजल्या, "गपचूप हो म्हण."

"खोटं बोलू, आई? आज? इथं?" साधना सरळ उभी राहिली. "नाही राखला. प्रीतमबरोबरच. साखरपुडा झाल्यावर. चुकलं आमचं, दोघांचं. मी रंगीत साडी नेसते, पण त्यालाही विचारा."

बायकांनी ही बातमी बाहेर पोचवायला कितीसा वेळ लागणार! साधना वेदीपाशी आली तेव्हा सगळी मंडळी उभी होती.

"प्रीतम, सांग ना रे," ती म्हणाली.

पांढऱ्या कोटावर पांढरं फूल लावलेला प्रीतम बापाकडे बघून म्हणाला, "मला काही माहीत नाही, पाळकसाहेब. नाइट शिफ्टला कुणाकुणाबरोबर असते, मी काय सांगू?"

"ऐकलंत?" रंगराव कडाडले. "ही घाण आमच्या घरात नको."

पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि सगळे 'आमेन' म्हणाले. निर्लज्ज मेले!

साधनानं आईकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरे होतं. कौशल्याबाई जाळीची घडी घालत राहिल्या. शेवटी मागच्या बाकावरून सुमनताई उठली, तिनं पोरीचा हात धरला आणि तिला सांगवीला आपल्या घरी घेऊन गेली.

उन्हाळ्यात त्याच वेदीसमोर प्रीतमचं दुसऱ्या मुलीशी लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी मागच्या खोलीत ती पोर रडवेली होऊन प्रश्नाची वाट बघत होती. कौशल्याबाईंनी पेटीतून जाळी काढली, तिला काहीच विचारलं नाही आणि तडक प्रीतमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"देह शुद्ध राखलास?"

"डोकं फिरलं काय, बाई?" रंगराव ओरडले. "पुरुषाला कुणी असं विचारतं का?"

"मग माझ्या पोरीला का विचारायला लावलं? तुमचा पोरगा माझ्या घरातून निघताना या डोळ्यांनी बघितलाय मी! बोल रे, खोटं असेल तर बोल."

प्रीतम बापाच्या मागे सरकला. पंचांनी कौशल्याबाईंना दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. आत गाणं सुरू झालं, लग्न लागलं.

त्या तशाच सांगवीला गेल्या. जाळी हातातच होती. दार साधनानं उघडलं.

"सांगितलं गं मी. सगळ्यांसमोर सांगितलं."

"आज त्याचं लग्न होतं, आई. माझं होतं तेव्हा का नाही सांगितलंस?"

आणि तिनं दार लावून घेतलं.

कौशल्याबाई जिन्यात बसून राहिल्या. इकडे रंगरावांनी नवी जाळी आणली आहे. आता ते नवी अध्यक्षबाई शोधतायत. बायांनो, तुमच्यातली कोण होणार?