इल्झेचा तक्ता

बाबा चिखलीच्या एका शाळेत पीटीचे मास्तर आहेत आणि मी इल्झेचं आयुष्य जगते. इल्झे ही लात्वियाची टेनिसपटू. तिची कारकीर्द वर्षवार लिहिलेला तक्ता आमच्या बैठकीत लावलाय. बाराव्या वर्षी तिनं शाळा सोडली, म्हणून माझीही सुटली. पंधराव्या वर्षी तिनं केस कापले, तर माझेही कापले गेले. मागच्या महिन्यात माझा गुडघा सुजला, तेव्हा बाबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले, कारण एकोणिसाव्या वर्षी तिचाही सुजला होता!

"बराबर चालून राह्यलो आपण," ते म्हणाले.

आज सकाळी मोबाइलवर बातमी आली. इल्झेनं टेनिस सोडलं. थकली म्हणे, आता मधमाश्या पाळणार. मी लंगडत कोर्टावर गेले. कोर्ट म्हणजे आमचं सोयाबीन वाळवायचं सिमेंटचं खळं.

"बाबा, तिनं सोडलं! आता सुटलो ना आपण?"

बाबा घरात गेले, तक्त्यावर शेवटची ओळ लिहिली आणि बोटांवर मोजत बाहेर आले.

"सत्ताविसाव्या वर्षी सोडलं तिनं. तुले अजून आठ वर्षं हायेत. गुडघ्याले पट्टी बांध, चाल."