टँकरचं ऑइल आणि आप्पांची दोन बोटं

व्यंकटीनं शेवटी साधंच ऑइल टाकलं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण अजून तो उदगिरात महादेवप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात उभा आहे आणि महागड्या सिंथेटिक ऑइलचा डबा त्यानं लेकरासारखा कडेवर घेतलाय.

साल दुष्काळाचं. उदगीर जिल्हा होणार ही बातमी दर आठवड्याला यायची, पाऊस तेवढा यायचा नाही. व्यंकटीचा पाण्याचा टँकर वीस वर्षांचा. त्याचं इंजिन बसलं तर तीन वाड्यांचे हंडे कोरडे.

"आप्पा, दाम चौपट हाय, पण पंधरा हजार किलोमीटर बदलायचं काम न्हाई म्हणं."

"दिवसाला किती पळतो टँकर?"

"चाळीस."

"आन् इंजिन चालू ठेवून उभा किती ऱ्हातो?"

विहिरीवरचा उपशाचा पंप टँकरच्याच इंजिनावर चालायचा. सहा सहा तास गाडी जागेवर राबायची आणि मीटर गाढ झोपलेलं असायचं.

आप्पांनी जुनं काळं तेल दोन बोटांत चोळलं, डोळे मिटले. "हे इंजिन ऑइल पिऊन राह्यलंय, बाबा. पिणाऱ्याला महागाची कशाला पाजतोस? साधं टाक, आन् किलोमीटर सोड, शंभर खेपा झाल्या की बदल."

डबा आप्पांच्याच दुकानातला होता. तो त्यांनी स्वतः परत फळीवर ठेवला.

व्यंकटीनं तिथंच अर्ज लिहिला: "मा. जिल्हाधिकारी, नियोजित उदगीर जिल्हा (पद अद्याप निर्माण व्हायचे आहे) यांस. जिल्हा होताच श्री. महादेवप्पा यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांस शासकीय प्रयोगशाळेचा दर्जा देऊन प्रत्येक बोटास स्वतंत्र शिपाई मंजूर करावा, ही नम्र विनंती."