अकरा आंबे

पास्को मिसनी पेटीतून शेवटचा कागद काढला आणि खिडकीजवळच्या बाकावर ठेवला. उसाच्या मळ्याचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा नकाशा, म्हणजे त्याची छायाप्रत. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडातली ही शाळा त्याच मळ्यावर उभी होती.

"मालक, मुकादम, स्वयंपाकीण आणि पॅसिफिकच्या बेटांवरून आणलेला मजूर," मिस म्हणाल्या. "एकच जमीन चौघांच्या डोळ्यांनी बघायची. पण मनचं काही नको. कागदावर बोट ठेवून दाखवायचं."

हे त्यांचं पालुपद. पोरं पाठीमागे त्याची नक्कल करत.

चिठ्ठ्या उचलल्या, तेव्हा मजुराची रोविनाला आली. तेरा वर्षांची अबोल पोर. तिचे खापरपणजोबा असेच जहाजात घालून इथे आणलेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे पटांगणातल्या आंब्यांखाली बसत, ही एकटी उन्हात. नाटकं नुसती, असं म्हणून मिसनी गेल्याच आठवड्यात तिला दंडाला धरून सावलीत बसवलं होतं. उद्या ती झाडं पडणार होती. तिथे बास्केटबॉलचं मैदान व्हावं म्हणून मिस दोन वर्षं कमिटीच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. बुंध्यांना पिवळ्या फितीही त्यांनीच बांधल्या होत्या.

रोविना नकाशा घेऊन मिसच्या टेबलापाशी आली. ओढ्याच्या वळणावर तिने बोट ठेवलं. तिथे दोन ओळींत बारीक फुल्या होत्या आणि शेजारी मालकाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तापाचं साल. मजूर, अकरा.'

मिसनी खिडकीबाहेर पाहिलं. तोच ओढा, तेच वळण. त्यांनी झाडं मोजली, पुन्हा मोजली. अकराच भरली.

"आमच्यात माणसाला पुरलं की उशाशी आंबा लावतात," रोविना म्हणाली. "त्या झाडाखाली आम्ही जेवत नाही."

सहा वर्षं मिसनी तिथेच डबा खाल्ला होता. त्या कैऱ्यांची चटणी करून शाळेच्या जत्रेत विकली होती.

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते, मिस. मार्चमध्ये." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्ही म्हणालात, आजीचं सांगणं म्हणजे पुरावा नव्हे. कागद आण."

वर्गात कुणी हसलं नाही.

तास तसाच टाकून मिस मुख्याध्यापकांकडे गेल्या. करवतवाल्यांना उद्या येऊ नका म्हणून फोन गेला, तेव्हा कुठे त्या फिती सोडायला पटांगणात आल्या. सावलीच्या कडेला मात्र पाय अडले. मागे रोविना उभी होती.

"आजी आत जाताना काय करते गं?"

"नावं घेते. सगळ्यांची."

मिसनी हातातल्या नकाशावर पाहिलं. तिथे नुसता आकडा होता.

"तुला येतात?"

"अकराही."

मिसनी सवयीने पेन काढलं, मग परत खिशात ठेवलं.

"घे नावं," त्या म्हणाल्या.