शनिवारचे बारा फवारे

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलचाही नव्हे. दम्याच्या औषधाचा, तुमच्या मुठीत मावेल एवढा. माझ्या पाठीवर एक बारीक खिडकी आहे. मला दाबलं की तिच्यातला आकडा एकाने उतरतो. कारखान्यातून निघालो तेव्हा तिथे एकशे वीस होते आणि मला त्या आकड्याचा भारी अभिमान होता. आज त्याचीच लाज वाटते. का, ते सांगतो.

मी आलो एका खेळाच्या सरांकडे. सरांनी शिट्टी फुंकली की रस्त्यावरची माणसंसुद्धा थबकत. धावताना कुणी मागे पडलं की "दम नाही का रे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दमा त्यांनाच होता. पहाटे छाती आवळायची, उशीला टेकून बसावं लागायचं. आधीचा पंप ते सकाळी दात घासताना घेत. तेवढ्याने पहाटेचा त्रास जाईना, म्हणून डॉक्टरांनी चार आठवडे वेळ बदलून पाहायचं ठरवलं. रोज दुपारी चार वाजता दोन फवारे.

चार वाजता सर मैदानावर असत आणि समोर चाळीस मुलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खिशातून अर्धवट बाहेर काढलं आणि परत आत ढकललं. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. रविवारी मात्र घरी, पत्नीसमोर, चारच्या ठोक्याला सगळं शिस्तीत चाले. मला हलवायचं, श्वास सोडायचा, दाबता दाबता ओढायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, मग चूळ. पत्नी माझी खिडकी न चुकता बघत. म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की सर सामानाच्या खोलीत जात, दार लोटून घेत आणि चेंडूंच्या जाळीवर मला बारा वेळा दाबत. चेंडूंना दमा असता तर एव्हाना खडखडीत बरे झाले असते. मला फक्त दाब मोजता येतो, श्वास मोजता येत नाही, हे खरं. पण खोटी साक्ष ती खोटीच.

पत्नी शेजारणीला सांगत, "आमच्याकडे एक दिवस चुकत नाही हो." तेव्हा सर वर्तमानपत्रात तोंड खुपसत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

चार आठवड्यांनी डॉक्टरांनी सरांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. काटा पूर्वीपेक्षा खालीच राहिला. मग त्यांनी माझी खिडकी पाहिली. चौसष्ट, अगदी हवे तेवढेच. आकडा आपण स्वतः बघतो, असंही सोबत आलेल्या पत्नींनी सांगितलं. डॉक्टरांनी हिरमुसून पेन उचललं.

"म्हणजे दुपारची वेळ कामाची नाही. तुमचं औषध वाढवतो. आणखी दोघांना मी चारचीच वेळ दिली आहे, एक तर दहा वर्षांची मुलगी आहे. त्यांचीही बदलतो."

सर तोवर मान डोलावत होते. वाढलेलं औषधही त्यांनी निमूट घेतलं असतं. पण त्या मुलीचं ऐकलं आणि त्यांची मान थांबली.

"लिहू नका, डॉक्टर. वेळेचा दोष नाही. मी फक्त रविवारी घेतो. बाकीचं हवेत सोडतो."

का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मुलं बघतात."

डॉक्टर रागावले नाहीत. कुणाला कुठली वेळ मानवते ते बघावं लागतं, पण न घेता कुठलीच मानवत नाही, एवढंच म्हणाले. पत्नींनी माझ्या खिडकीवरून नजर काढून घेतली. त्यांना शेजारीण आठवली असावी.

घरी आल्यावर पत्नींनी चिकटपट्टीचा तुकडा कापून माझ्या खिडकीवर लावला.

"मी आता बघणार नाही," त्या म्हणाल्या. "दिवस तुम्हीच मोजा."

त्या ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सरांनी मला मैदानावर बाहेर काढलं. खेळ थांबला. एका मुलीने विचारलं, हे काय आहे. दम्याचं औषध, सर म्हणाले. तुम्हाला दमा आहे? आहे. तिने मान डोलावली आणि कोण बाद झालं यावरून पुन्हा भांडायला गेली. एवढ्याशा गोष्टीसाठी अठ्ठेचाळीस फवारे धुळीत गेले होते.

आता मी रिकामा आहे. शेवटचे चौसष्ट एकूण एक सरांच्या छातीत गेले आणि नळीतला काटाही वर सरकला. तरी ते अठ्ठेचाळीस मला विसरता येत नाहीत. मित्रांनो, रोजचं औषध असेल तर ठरल्या वेळी घ्या, चारचौघांत घ्या. आणि शेजारी कुणी घेत असेल तर मैदानावरच्या त्या मुलीसारखं करा. विचारा, मान डोलवा आणि खेळायला लागा.