रविवारचा पेपर

"शुक्रवारीच बस म्हनलं हुतं का न्हाई मी?" पेगीबाई कडाडल्या. "तवा म्हनलीस, अजून शनिवार हाय की!"

डोलिना मान खाली घालून बसली होती. सासूचं एक अक्षर खोटं नव्हतं. पेपर घरूनच काँप्युटरवर द्यायचा होता, रविवार संध्याकाळपर्यंत कधीही. कॉलेजच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेपर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि डोलिनाने ऐकलं होतं. तिच्या हिशेबाने शेवटच्या आधीचा दिवस तो शनिवार. पण स्कॉटलंडच्या या लुईस बेटावर रविवार देवाचा, तो कुणी दिवसांत धरत नाही. त्या दिवशी इथे दोरीवर धुणं पडत नाही, होडी पाण्यात उतरत नाही. तेव्हा डोलिनाचा शनिवार शेवटचाच निघाला, आणि नेमक्या त्याच दिवशी वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले आणि दिवसभर काँप्युटर काळा ठिक्कर पडला. आज लोक चर्चला निघाले आणि दिवे आले. संध्याकाळी पेपर बंद होणार होता, आणि रविवारी कॉलेजात फोन उचलायला कोण बसलंय?

मागच्या साली ती याच विषयात नापास झाली होती. त्यानंतर मात्र तिने कसर ठेवली नव्हती. मेंढ्यांना चारा टाकून आली की रोज वहीला बसायची. अडलं की बाईंना विचारायची, लाज वाटली तरी विचारायची. पण पुन्हा नापास झाली तर कॉलेजातून नाव कटणार होतं आणि त्या शिक्षणावरच टिकलेली म्हाताऱ्यांच्या आश्रमातली नोकरीही जाणार होती. नवरा टॉर्किल मासेमारीच्या बोटीवर होता. त्याने सांगूनच ठेवलं होतं, नोकरी गेली तर बिऱ्हाड ग्लासगोला. पेगीबाई काही बेट सोडणार नव्हत्या. त्या इथेच राहणार, मेंढ्या आणि वारा घेऊन.

"आत्याबाई, पाप लागंल का वो?" डोलिनाने विचारलं.

पेगीबाई उठल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढला.

"मेंढी विताना अडली तर रविवारी बी हात घालतोच की आपन. जा, बस आत. मी हाय दारात."

डोलिना आतल्या खोलीत गेली. काँप्युटरच्या कॅमेऱ्याचा डोळा उघडला. उठायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर पेपर रद्द. पहिलाच प्रश्न वाचला आणि तिला काही आठवेना. तिने दोनदा, तीनदा वाचला, तेव्हा कुठे उत्तर सापडलं.

अर्धा पेपर झाला आणि बाहेरचं दार वाजलं.

"पेगी! तुमी दोघी बी न्हाई आला चर्चला? डोलिना आजारी हाय का?" शेजारच्या एफीबाई. या बाईंचा आवाज समुद्रावर ऐकू जायचा. त्यांना कळलेली गोष्ट चहा निवायच्या आत गावभर व्हायची.

काँप्युटरवर लाल पट्टी आली : आवाज ऐकू येत आहे.

"मेंढी अडलीया," पेगीबाई हळू आवाजात म्हणाल्या. सत्तर वर्षांत रविवारी मोठ्याने हसल्या नव्हत्या त्या, आणि आज चक्क खोटं बोलल्या.

"अगं बाई! मग मी जाते की गोठ्यात—"

"एफी, बस." खुर्ची सरकली. "आधी प्रार्थना करू. मनातल्या मनात."

आता रविवारी प्रार्थनेला नाही कोण म्हणणार? बाहेर एकदम शांत झालं. लाल पट्टी गेली. डोलिना लिहीत राहिली. मधेच एफीबाईंनी घसा खाकरला, तिची नजर लाल पट्टीच्या जागेवर गेली. पण पेगीबाईंची प्रार्थना काही संपेना. सगळ्या गावासाठी मागून झालं असेल, सगळ्या मेंढ्यांसाठीही झालं असेल, तरी त्या हलल्या नाहीत.

शेवटचं उत्तर दिलं. काँप्युटरचा पडदा पांढरा झाला, त्यावर गोल चक्र फिरत राहिलं, आणि निकाल आला. डोलिनाने तो वाचला, डोळे पुसून परत वाचला. काँप्युटर मिटून ती बाहेर आली.

एफीबाईंची मान खाली होती. पेगीबाईंचा एक डोळा उघडा होता, दारावर लागलेला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं मेंढीचं?" त्यांनी विचारलं.

"कोकरू जगलं, आत्याबाई," डोलिना म्हणाली आणि रडायलाच लागली.

एफीबाईंनी मान वर केली. त्यांनी डोलिनाचे कोरडे, स्वच्छ हात पाहिले. दुपारच्या उजेडात ओढलेला पडदा पाहिला. मग पेगीबाईंकडे पाहिलं.

"आमेन," एफीबाई म्हणाल्या आणि टोपी घालून, वाटेत कुणाच्या दारात न थांबता, घरी गेल्या.