आठवं पेर

मी तिकिटं फाडली होती चाळीस, आणि दारावरचे मामा सांगत होते, एक्केचाळीस माणसं बाहेर पडली. सलग तिसरा दिवस. आत गेलेल्यांपेक्षा बाहेर आलेला एक जास्त! संग्रहालय आहे की धर्मशाळा, असं साहेब म्हणाले आणि माझ्याकडेच बघत राहिले. मी कुणाला तरी फुकट आत सोडते, असा त्यांचा रोख होता.

मी मागच्या दाराची कडी हलवून पाहिली, खिडक्या पाहिल्या, फाडलेल्या तिकिटांची अर्धुकं पुन्हा मोजली. डोकं चालेनासं झालं. उद्या परत फरक आला तर तिकीट खिडकीवर दुसरी बाई बसेल, असं साहेबांनी सांगून टाकलं. मामा चुकले असतील असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला मामांचा रागच आला.

मामांची मोजणी पेरांवरची. उजवा अंगठा चार बोटांच्या बारा पेरांवरून फिरायचा, बारा झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं, पाचही मिटली की साठ. मधल्या दालनात बाबिलोनच्या मातीच्या पाट्या आहेत. ते लोक साठाच्या हिशेबाने आकडे लिहीत, कदाचित असेच पेरांवर मोजत असतील, असं तिथल्या फलकावर आहे. मामांनी त्यातलं 'कदाचित' तेवढं गाळलं. तेवीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. एका पाटीवर आकड्यांच्या मध्ये मोकळी जागा आहे, ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत. तेव्हा शून्याला खूण नव्हती, काही नसलं की नुसती जागा सोडायची.

चौथ्या दिवशी बंद व्हायच्या वेळी मी मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. एकतीस तिकिटं होती. शेवटचं जोडपं पायऱ्या उतरलं तेव्हा मामांची डावी दोन बोटं मिटलेली, अंगठा सातव्या पेरावर. हिशेब चोख. मग दारात चिटपाखरू नसताना अंगठा आठव्या पेरावर टेकला आणि मामांनी दार ओढलं.

"मामा, हे आठवं कुणाचं?"

त्यांनी हाताकडे पाहिलं.

"आमच्या हिचं," ते म्हणाले. "ती शेवटी निघायची ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मामी रोज बंद व्हायच्या आधी दहा मिनिटं त्यांना न्यायला यायच्या, आणि नियम म्हणजे नियम म्हणून मामा त्यांनाही तिकीट काढायला लावत. नवऱ्याचं तोंड बघायलाही पैसे पडतात बाई, असं म्हणून मामी माझ्या खिडकीशी हसायच्या. त्यांना जाऊन महिना झाला होता. मामा कामावर परतले त्याच दिवसापासून फरक येत होता, आणि मला ते सुचू नये!

मी म्हटलं, रोज माझ्या पैशाने एक तिकीट फाडत जाईन, कुणाला कळायचं नाही.

"नको, ताई. जे नाही ते नाही."

ते साहेबांकडे गेले आणि चूक आपलीच, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी त्यांना एक दिवस दिला. उद्या जमलं नाही, तर दार सोडायचं.

दुसऱ्या दिवशी साहेब अर्धुकं घेऊन दाराशीच उभे राहिले. शेवटची बाई बाहेर पडली. अंगठा दुसऱ्या पेरावर होता. तो उचलला गेला, तिसऱ्याच्या वर आला. अंगठा तसाच वरच्या वर राहिला, टेकला नाही.

"सव्वीस," मामा म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. मामांनी कडीला हात घातला, आणि दार ओढायच्या आधी एक माणूस बाहेर पडेल एवढा वेळ थांबले.