सगळेच माउली

सुकदेव टाळकरी हल्ली दिसेल त्याला माउली म्हणू लागले होते. भाजीवाली माउली, रिक्षावाला माउली, सून धनश्री माउली, तिचं रांगतं पोरही माउली. लिंबायतच्या त्या मराठी गल्लीत त्यांचं कौतुक व्हायचं. जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, पण कीर्तनात उभा राहून माणूस मुरला बघा, असं लोक म्हणायचे. मालतीबाईंनाही बरं वाटायचं. मग एका सकाळी त्यांनी नवऱ्यापुढे चहा ठेवला, तर सुकदेव हात जोडून म्हणाले, "कशाले तरास लिधा, माउली? घरना लोके कोठे गयात?"

तेव्हा मालतीबाईंच्या ध्यानात आलं. माणसाला नावं सापडत नव्हती, आणि माउली पुढे करून तो वेळ मारून नेत होता.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. गुजराती डॉक्टर तो उजेडापुढे धरून म्हणाले, "मासी, मगजनी नस जाडी थई गई छे." मालतीबाईंना त्यातली नस तेवढी कळली. आणि नस म्हटली की ती चढते, चोळून बसवावी लागते, हेच त्यांना माहीत. त्यांनी नवऱ्याला नवागामला, नस बसवणाऱ्या इंदुबाईकडे नेलं. इंदुबाईने मान, खांदे, कानामागचं सगळं तेल लावून चोळलं आणि हात पुसत म्हणाली, "ही काही माझ्या हाताला लागणारी नस नाही बाई. भाऊ मात्र झोपले छान."

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मोडक्या मराठीत, हातवारे करत समजावलं. गल्लीत नळाने पाणी येतं, सांडपाणी गटारीतून जातं. मेंदूचंही तसंच. रक्त आत नेणाऱ्या नळ्या वेगळ्या, वापरलेलं रक्त माघारी आणणाऱ्या शिरा वेगळ्या. वयाबरोबर या शिरांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते, निचरा मंदावतो, आणि आसपासचा मेंदू झिजतो.

"विसरण्यात या शिरांचा वाटा किती, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण चोळून हे बसणार नाही. प्रेशरची गोळी चुकवू नका. एकटं सोडू नका."

"बरे कधी होतील?"

"बरे होतील, असं मी नाही म्हटलं, मासी."

पुढे सप्ताह आला. सप्ताहात वीणा अखंड कुणाच्या तरी गळ्यात असते. ती भुईला टेकवायची नाही. पहारा संपला की एकमेकांच्या पाया पडून पुढच्याच्या गळ्यात घालायची. सकाळचा पहारा दरवर्षी सुकदेवांचा. पहारे वाटून देणाऱ्या गजेंद्रला मालतीबाईंनी सगळं सांगून टाकलं.

"वहिनी, यंदा टाळच देऊ त्यांना. वीणा खाली टेकली तर लोक मला खातील."

"टेकू लागली तर मी हात घालीन. पण यंदा नाही दिली, भाऊ, तर पुढच्या वर्षी त्यांना मागायचंही सुचणार नाही."

गजेंद्रने डोकं खाजवलं. "मग शेजारीच उभ्या राहा."

पहारा छान झाला. ताठ उभे राहून सुकदेव नाम घेत होते, पाय ठेक्यात पडत होते. मग वीणा घ्यायला लोटू आला. इतकी वर्षं दोघांचे लूम शेजारी शेजारी. सुकदेवांनी वीणा छातीशी धरली.

"तू कोन?"

"मी लोटू शे ना."

"लोटूना केस काया शेत."

पांढऱ्या डोक्याचा लोटू हसला, भोवतीचे टाळकरीही हसले. पण सुकदेव हसले नाहीत. लोटू येईपर्यंत इथेच ठेवतो, असं पुटपुटत त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि ते खाली वाकू लागले. गजेंद्र धावला. मालतीबाईंनी वीणेखाली हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "लोटूभाऊ, नाव नका सांगू. पाया पडा."

लोटू वाकला. "माउली, वीणा द्या."

सुकदेव थांबले. वीणा बायकोच्या हाती देऊन तेही लोटूच्या पाया पडले. उठून त्यांनी पट्टा त्याच्या गळ्यात घातला, नीट बसवला, तारांना एकदा हात लावला. "सांभाळा, माउली."

मग ते मालतीबाईंकडे वळले. "माले घर दखाडा, माउली."

मालतीबाईंनी त्यांचा हात धरला. "चला, माउली," त्या म्हणाल्या.